मोटर बंद, जोडणी चालू

पलीकडून काहीच येत नसेल तर किती वेळ थांबायचं, हे ठरवायचा मला पगार मिळतो. कोणी विचारलं तर मी 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' एवढंच सांगून सुटका करून घेतो, कारण खरं सांगायला गेलं की समोरचा जांभया द्यायला लागतो. दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात, त्या जोडणीच्या टोकाला सॉकेट म्हणतात. आपल्या बाजूचं टोक आपल्या हातात असतं, पलीकडचं नसतं. पलीकडचा बोलेल, गप्प बसेल, रीतसर निरोप घेईल किंवा वाक्य अर्धवट टाकून नाहीसा होईल. निरोप घेतला तर प्रश्नच नाही. नाहीसा झाला तर आपल्या यंत्राला ते कळत नाही. ते ऐकत बसतं. कंपनीत नव्याने आलेले विचारतात, किती वेळ ऐकत बसतं? मी सांगतो, तुम्ही मुदत घातली नसेल तर कायमचं. त्यांना ती गंमत वाटते. पूर्वी मलाही वाटायची.

आमचं गाव कार्ल्याजवळ, डोंगर आणि नदी यांच्या मधल्या पट्ट्यात. वर लेण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग, खाली भाताची खाचरं. वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर शेती, घर आणि माझं शिक्षण हे सगळं दादाने ओढलं. ओढलं हा शब्द त्याला आवडला नसता, कारण त्याच्या मते त्यात विशेष काही नव्हतंच. नोकरी लागल्यावर मी बेगडेवाडीला खोली घेतली आणि सुट्टीला लोकलने घरी जाऊ लागलो. घरी आई, दादा आणि वहिनी. वहिनी गावातल्या अंगणवाडीत सेविका. दादा-वहिनींना मूलबाळ नव्हतं, आणि त्या विषयावर आमच्या घरात कोणी बोलत नसे.

नदीवर चार घरांची मिळून एक मोटर होती. वीज कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नसायचा, त्यामुळे दादाला दिवसभर नदीकडे खेपा घालाव्या लागत. मी त्याच्यासाठी एक पेटी बनवली. मोटरीच्या पत्र्याच्या खोलीत ती बसवली, तिच्यात सिमकार्ड घातलं, आणि घरी देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर एक लहान यंत्र लावलं. घरच्या यंत्राने पेटीशी जोडणी करायची आणि ती सांगेल ते ऐकायचं. वीज आली, मोटर चालू झाली, मोटर बंद पडली, असं काहीबाही. यंत्राला छोटा पडदा होता आणि वर एक दिवा. जोडणी असली की हिरवा, तुटली की लाल. पडद्यावरचे सगळे निरोप मी दादासाठी मराठीत लिहिले होते. दादाने सगळं नीट बघून घेतलं आणि "बरं हाय" म्हणाला. आमच्या घरात याच्या वरचं कौतुक नाही.

पहिल्यांदा मी ते अगदी शिकवल्याप्रमाणे केलं होतं. जोडणी करताना किती वाट बघायची याची एक मुदत, जोडणी झाल्यावर ऐकताना किती थांबायचं याची वेगळी मुदत. पेटी दर मिनिटाला 'मी आहे' एवढं कळवायची. ते चुकलं की घरचं यंत्र समजायचं, जोडणी गेली. दिवा लाल करायचं आणि पुन्हा जोडायच्या मागे लागायचं. उन्हाळ्यात सगळं सुरळीत चाललं. पावसाळ्यात मावळात ढग खाली उतरले की फोनला रेंज राहत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मी मात्र साफ विसरलो होतो. दिवा सारखा लाल व्हायला लागला. दिवा लाल झाला की आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून नदीकडे चालू लागायची, आणि भाकरी उतरवून तिच्यामागे वहिनी. दादा तिथे निवांत तंबाखू मळत बसलेला असायचा.

शेवटी दादाने फर्मान काढलं. "तिचं ते मी हाय, मी हाय बंद कर. काम असंल तरच बोलू दे."

मी म्हटलं, मग ती गप्प असली तर ठीक आहे की मेली, हे कळणार कसं? तो म्हणाला, आपल्या घरात कसं कळतं? आमच्याकडे बाहेरगावी गेलेला माणूस पोहोचल्याचा फोन करत नाही. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक. अवेळी फोन वाजला की आई आधी देवाकडे बघते आणि मग उचलते. घरची हीच रीत मी त्या प्रोग्रॅममध्ये उतरवली. ऐकण्याची मुदत काढून टाकली. पेटीने काही बदललं तरच बोलायचं आणि घरच्या यंत्राने नुसतं ऐकत राहायचं. मध्ये रेंज गेली आणि आली तरी जोडणीला काही होत नसे, कारण त्या वेळात कोणी बोललंच नाही तर काही बिघडल्याचं कळायचा प्रश्नच नाही. दिवा हिरवा राहायला लागला. भाकऱ्या करपायच्या थांबल्या.

त्या आषाढात नदी एका दिवसात चढली. मोटर वर ओढून घ्यायला दादा आणि शेजारचे दोघं गेले. कप्पी घरीच राहिली म्हणून ते दोघं मागे फिरले. दादा म्हणाला, तोवर मी मोटर बंद करून बोल्ट सैल करतो. ते कप्पी घेऊन परत आले तेव्हा खोली जागेवर नव्हती. पत्रे दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला अडकलेले सापडले. पेटी नाही, मोटर नाही, दादा नाही. पाण्यात उतरणारे लोक लोणावळ्याहून आले, त्यांनी जिवावर उदार होऊन सगळे डोह शोधले. पाणी उतरल्यावर पुन्हा शोधले. हाती काही लागलं नाही.

मी लोकलने पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. घर माणसांनी भरलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. वहिनी चुलीपाशी होत्या आणि कोणीही प्यायला तयार नसलेला चहा पुन्हा पुन्हा गरम करत होत्या. मी आत आलो आणि सवयीने यंत्राकडे बघितलं. दिवा हिरवा होता. पडद्यावर पेटीचा शेवटचा निरोप, मोटर बंद. म्हणजे दादाने आत गेल्यावर आधी ते काम केलं होतं. त्याखाली यंत्राचा स्वतःचा शेरा, जोडणी चालू. माझी नजर गेली तिकडे आईनेही बघितलं.

"दिवा हाय," ती म्हणाली.

आमच्या धंद्यात याला अर्धी उघडी जोडणी म्हणतात. एक बाजू गेलेली असते, पण सांगून गेलेली नसते. वीज गेली, यंत्र जळालं, पुरात वाहून गेलं, तर निरोप पाठवणार कोण? उरलेल्या बाजूच्या लेखी जोडणी शाबूत असते. तिच्यासाठी राखलेली जागा तशीच राहते. ती दोनच प्रकारे संपते. एक तर आपण मुदत घातलेली असते, नाहीतर आपण होऊन काहीतरी बोलायला जातो आणि पोच येत नाही. नुसतं ऐकत बसलं तर महिने जातात, वर्षं जातात, पत्ता लागत नाही. यंत्राला अधूनमधून आपण होऊन चाचपून बघायला लावायची सोयही असते, पण ती सांगितल्याशिवाय चालू होत नाही. हे सगळं मी लोकांना शिकवतो. त्या घरात मात्र यातलं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

दहावं झालं नाही, तेरावं झालं नाही. पोलिसांनी बेपत्ता अशी नोंद केली. माणूस मेला असं धरायला कायद्याला काही वर्षं लागतात. भटजी म्हणाले, देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करता येतो, पण घरच्यांची खात्री पटायला हवी. आईची मुदत कुठलीच नव्हती. भावकीतली माणसं विचारायला यायची, दिवस कधी घालायचे. त्यांच्या बायका वहिनींकडे बघून चुकचुकल्या की लगेच आईचं बोट भिंतीकडे जायचं. दिवा बघा की, म्हणायची, बंद हाय का त्यो? लोक दिव्याकडे बघायचे, मग एकमेकांकडे बघायचे आणि चहा पिऊन निघून जायचे. बाहेर पडल्यावर मला गाठून सांगायचे, म्हातारीला समजाव. दिवा तू लावलास, तूच काढ. मी हो हो म्हणायचो आणि लोकल पकडायचो.

आई त्या दिव्याला जीव लावून होती. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा लावू द्यायची नाही, बॅटरी यंत्राला पुरली पाहिजे म्हणून. पाऊस संपल्यावरच्या उकाड्यात सासू-सून घामाने निथळत बसायच्या आणि दिवा मजेत जळायचा. यंत्राची धूळ ती स्वतः पुसायची, वायरला कोणाचा पाय लागू द्यायची नाही. पितृपक्षात वडिलांचं पान वाढलं तेव्हा कोणीतरी दादाच्या पानाचा विषय काढला, तर आईने त्या माणसाला असं झापलं की तो जेवायलाही थांबला नाही. वहिनी रोज रात्री दादाचं ताट वाढून झाकून ठेवायच्या आणि सकाळी तेच शिळं स्वतः खायच्या. मी एकदा विचारलं, कशाला हे? त्या हळूच म्हणाल्या, आत्याबाईंस्नी बरं वाटतं.

मी तरी काय वेगळा होतो. बेगडेवाडीच्या खोलीतून रोज सकाळी, चहा ठेवला की मी लांबून घरच्या यंत्रात शिरायचो. कुठल्या जोडण्या चालू आहेत ते विचारलं की एक ओळ यायची. दादाच्या पेटीचा पत्ता आणि पुढे एक इंग्रजी शब्द, एस्टॅब्लिश्ड. प्रस्थापित. पेटी नदीच्या गाळात कुठेतरी रुतलेली, आणि ती प्रस्थापित. मला खरं काय ते ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती ओळ दिसली की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून दिवसभर स्वतःचा राग यायचा. मी एक अक्षर पाठवलं असतं तर निकाल लागला असता. बोट पुढे व्हायचं नाही.

पोच येणार नाही याची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर कधी कधी उलटीच भीती वाटायची, की मी पाठवीन आणि पलीकडून उत्तर येईल. स्वच्छ सकाळी, खिडकीतून लोकल जाताना दिसत असताना ही भीती वाटायची. तिथे काय आहे, कोण आहे, असलं काहीतरी डोक्यात यायचं. एकदा एका ओळीच्या जागी मला दोन ओळी दिसल्या. हातातला कप सांडला. ती दुसरी ओळ माझीच होती, मी स्वतः लांबून शिरल्याची. फरशी पुसताना मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी वहिनी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी दात घासत होतो. त्यांनी मला तिथेच थांबवलं आणि आदल्या दिवसाचं सांगायला लागल्या. भावकीतल्या एका घरी हळदीकुंकू होतं. त्या जायला तयार नव्हत्या, आईनेच बळेच चांगली साडी नेसवून पाठवलं होतं. ज्यांच्या घरी होतं ती बाई रांगेने सगळ्यांना लावत लावत यांच्यापर्यंत आली. चिमटीत कुंकू होतं. हात वर आला आणि कपाळाच्या पुढे थांबला. ती बाई वाईट नव्हती, वहिनी म्हणाल्या, तिला खरंच काय करावं ते सुधरत नव्हतं. मग तिने चिमटीतलं कुंकू परत करंड्यात टाकलं, वाण हातात दिलं आणि पुढच्या बाईकडे सरकली.

"लावलं असतं तरी चाललं असतं, भावजी. न्हाई लावलं तरी चाललं असतं," वहिनी म्हणाल्या. "पर त्यो हात थांबला. आता मी कुटंबी गेले तरी त्यो तसाच थांबनार."

त्यांनी दादाचा एक सदरा दोरीवर टाकला. इतके महिने त्या दादाचे कपडेही धूत होत्या, हे मला तेव्हा समजलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्या त्या कामात, पलीकडचा बोलला नाही तर किती वेळ थांबतात? मी कंपनीत शंभरदा दिलेलं उत्तर दिलं. म्हटलं, ते पलीकडच्यावर ठरत नाही, थांबणाऱ्याला किती परवडतं त्यावर ठरतं. तोंडातून गेल्यावर मला माझंच वाक्य ऐकू आलं.

"मला न्हाई परवडत आता," वहिनी म्हणाल्या. "मला काय त्ये एकदा कळू दे. म्होरं कसं ऱ्हायचं त्ये माझं मी ठरवीन."

मी त्यांना दिव्याचं सगळं सांगितलं. हिरवा म्हणजे दादा आहे असं नाही, हिरवा म्हणजे आपण अजून काही बोललेलो नाही. मग एवढे महिने कोणी बोललं का नाही, असं त्यांनी विचारलं. मी चूळ भरायला वळलो.

आईसमोर विषय काढायला मी दुपारपर्यंत टाळाटाळ केली. आता आकाशपाताळ एक करणार, यंत्राला मिठी मारून बसणार, अशी माझी खात्री होती. ती ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी चाचरत चाचरत सांगितलं की एकदा पेटीशी बोलून बघू. वहिनी माझ्याशेजारी उभ्या होत्या. आईने मान वर केली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, वहिनींच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं.

"बोल," ती म्हणाली. "आजच बोल."

मी लॅपटॉप घेऊन यंत्राखाली बसलो. दारातून ऊन आत आलं होतं, रस्त्यावरून सहलीच्या बसचे भोंगे ऐकू येत होते. आई खाटेवर बसली, वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. लॅपटॉपवरच्या एका खिडकीत मी प्रोग्रॅम उघडला आणि दुसऱ्या खिडकीत जाणारं-येणारं प्रत्येक पाकीट, म्हणजे यंत्रांच्या बोलण्याचा एकेक तुकडा, दिसेल अशी सोय केली. काय पाठवू, मी विचारलं. पेटीला काय पाठवलं तरी सारखंच होतं, पण मला ते ठरवता येईना.

"म्हन, जेवाया ये," आई म्हणाली.

मी ते तसंच टाइप केलं आणि कळ दाबली. प्रोग्रॅमने लगेच दाखवलं, पाठवलं. इथे नवखा माणूस फसतो. पाठवलं म्हणजे पोहोचलं असं नसतं, आपल्याच यंत्राने ते आपल्या झोळीत घेतलं एवढाच त्याचा अर्थ. खरं पाकीट दुसऱ्या खिडकीत जाताना दिसलं. पोच आली नाही. पोच आली नाही की यंत्र आपण होऊन तेच पाकीट पुन्हा पाठवतं आणि दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करत जातं. मी आईला म्हणालो, एक हाक गेली. मग म्हणालो, दुसरी गेली.

"दोन हाकंला न्हाईच देनार त्यो," आई म्हणाली.

आमच्या नदीकाठाला हे सगळ्यांना लहानपणीच शिकवतात. पाण्याकडून कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. डोहातलं जे काही असतं ते दोनदाच बोलावतं. तिसरी हाक माणसाची. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक जण कोणालाही सरळ तीनदा हाक मारतो, चहाला बोलवायचं असलं तरी. बाहेरच्यांना वाटतं आम्ही बहिरे आहोत. दादा तर शेतात अगदी दहा पावलांवर असला तरी दोन हाका ऐकून घ्यायचा आणि तिसरीला सावकाश ओ द्यायचा.

तिसरी हाक गेली, आणि उत्तर आलं.

दुसऱ्या खिडकीत तिकडून इकडे आलेलं एक पाकीट, दादाच्या पेटीच्या पत्त्यावरून आलेलं. भिंतीवरचा दिवा लाल झाला. पडद्यावर मी स्वतः कधीतरी लिहून ठेवलेलं वाक्य उमटलं आणि वहिनींनी ते मोठ्याने वाचलं, समोरच्याने जोडणी तोडली. 'समोरच्याने' म्हणताना त्यांचा आवाज फाटला. त्या खोलीत आम्ही तिघं होतो, आणि मला शपथेवर सांगायला लावलं तरी मी म्हणेन की तेवढ्या क्षणात चौघं होतो.

"ओ दिली?" आईने विचारलं.

मला सांगावं लागलं. तिकडे कोणीतरी आहे, पण ती दादाची पेटी नाही. तो पत्ता आता दुसऱ्या कुठल्यातरी यंत्राला दिलेला आहे. आपल्या दोन हाका रेंजमध्ये कुठेतरी विरल्या, तिसरी त्याला ऐकू गेली, आणि ते म्हणतं, तुमचं माझं बोलणं कधी झालेलंच नाही. दुसऱ्या दिवशी सिम देणाऱ्यांना फोन करून मी खात्री करून घेतली. पेटी गप्प आहे असं बघून त्यांनी केव्हाच तो पत्ता काढून घेतला होता आणि कुठल्याशा डेअरीच्या दुधाच्या टाकीवरच्या यंत्राला दिला होता. त्यांनी त्यांची मुदत घातलेली होती. इतके महिने जी जागा गप्प होती तिथे दादा असू शकत होता. एका परक्या यंत्राने तिथून उत्तर दिलं आणि तो तिथून गेला. त्या दुपारी मी तिथेच जमिनीवर बसून रडलो. आईने सूप उचललं.

"भटजीस्नी सांगून ये," ती म्हणाली आणि राहिलेले तांदूळ निवडायला ओट्यावर गेली.

पळसाची पानं गळायला लागली होती, विधीपुरती जमवायला डोंगराच्या पोटापर्यंत जावं लागलं. नदीकाठी भटजींनी पानांचा पुतळा केला. त्याला डोकं होतं, हात होते, आणि मला तो बघवला नाही. सगळं अर्ध्या तासात जळून गेलं. घरी भावकीतल्या बायका वहिनींच्या बांगड्या उतरवायला म्हणून आल्या होत्या. आईने त्यांना ओट्यावरच बसवून चहा दिला आणि म्हणाली, तिचं ती बघंल. वहिनींनी आत जाऊन मंगळसूत्र काढून कपाटात ठेवलं. बांगड्या ठेवल्या, टिकली ठेवली, आणि दुसऱ्या आठवड्यात अंगणवाडीत गेल्या. बायका कुजबुजल्या, पण समोर कोणी बोललं नाही.

दिवस झाल्यावर मी बेगडेवाडीला परत निघायच्या आदल्या संध्याकाळी आई ओट्यावर बसली होती. मी तिच्याजवळ बसलो. भिंतीवरचं यंत्र मी सकाळीच उतरवलं होतं आणि मला एक गोष्ट खात होती, ती मी बोलून टाकली. म्हटलं, आई, तुझा आधार होता तो दिवा, मी उगाच त्याच्या मागे लागलो. अजून थोडे दिवस तुला राहू द्यायला हवा होता.

आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी परीक्षेत काहीतरी मूर्खासारखं लिहून आल्यावर बघायची.

"मला त्याच दिशी कळलं व्हतं," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. त्या दिवशी मी लोकलमध्ये असताना ती काठावर गेली होती. सगळे नको नको म्हणत होते, तरी गुडघाभर पाण्यात उतरली आणि दादाला तीन हाका मारल्या. तिसरी मारून थांबली. तिच्या तिसऱ्या हाकेला दादाने ओ दिली नाही असं जन्मात झालं नव्हतं. मग ती वळली आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसली.

मग तो दिवा, मी विचारलं. ते पंखा बंद करून घामात बसणं, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट करून दाखवणं, ते सगळं कशासाठी?

आईने स्वतःच्या कपाळावरून हात फिरवला. तिथे वडील गेल्यापासून काही नाही.

"तुझा बा गेला तवापासनं बायांचा हात माझ्या म्होरनं कसा फुडं जातो, त्ये मी बघतीया. हिच्या वाट्याला त्ये नगं व्हतं. दिवा हिरवा व्हता तवर हिला कोन काय म्हनायची छाती न्हवती." तिने पदर सारखा केला. "संक्रातीचं वाण घिऊन आली. कपाळाला हळद न्हवती. तवा म्हनलं, दिवा आता कामाचा न्हाई."

आत वहिनी भांडी घासायला बसल्या होत्या. भांड्यांचा आवाज केव्हाच थांबलेला होता.